गॅरेजमधली दारू, आणि स्वस्तात सबसॉनिक राउंड भरायला शिकताना झालेली फजिती

आधी एक किस्सा सांगतो म्हणजे टायटल कळेल. मागच्या वर्षी आईशी व्हिडिओ कॉल चालू होता, आणि बायको सहज बोलून गेली की "तो ना, रोज रात्री जेवण झालं की गॅरेजमध्ये दारू मोजत बसतो". पलीकडे सांगलीत एकदम शांतता. मग दहा मिनिटं मी आईला समजावतोय की अगं ती दारू नव्हे, ही दारूगोळ्यातली दारू, आणि मग मलाच कळलं की दुसऱ्या दारूपेक्षा या दारूने तिला जास्त टेन्शन आलंय. असो.

तर मंडळी, मी राहतो कॅन्ससमध्ये, ओव्हरलॅंड पार्कला, म्हणजे कॅन्सस सिटीच्या खाली चिकटूनच. गेली दोन वर्षं स्वतःची काडतुसं (इथे त्यांना राउंड म्हणतात) स्वतः भरतोय, त्यातही सबसॉनिक, म्हणजे आवाजाच्या वेगापेक्षा हळू जाणारी रायफलची काडतुसं. इथल्या दोन-तीन मराठी मित्रांनी विचारलं की सुरुवात करायला काय काय घ्यावं आणि कुठे पैसे वाचतात, म्हणून हे लिहितोय. त्यांना प्रत्येकाला फोनवर सांगून माझा घसा बसला.

आधी कायद्याचं बोलून घेऊ, कारण आपल्या लोकांना हे माहीत नसतं. तुम्ही एच-वन-बी वर असाल किंवा कुठल्याही नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या फेडरल कायद्याने बंदूकच काय, नुसतं काडतूसही जवळ बाळगता येत नाही. शिकारीचं लायसन्स वगैरे काही अपवाद आहेत, पण ते नीट वकिलाला विचारून. ग्रीन कार्ड आलं की चालतं. माझं ग्रीन कार्ड यायला किती वर्षं लागली हे तुम्ही विचारू नका, मी सांगत नाही, पण तोवर मी रेंजच्या, म्हणजे नेमबाजीच्या जागेच्या, आसपासही फिरकलो नाही. स्वतःच्या वापरासाठी राउंड भरायला इथे लायसन्स लागत नाही, पण भरून विकायचे असतील तर मात्र लागतं, मित्राला दहा डॉलरला डबा देणं हेही त्यातच आलं असं समजा. आणि भारतात हे करायचा विचारही नको, तिथे लायसन्सशिवाय काडतूस बनवणं हा सरळ आर्म्स ॲक्टखाली गुन्हा आहे.

आता सबसॉनिक कशाला? गोळी आवाजापेक्षा जोरात गेली की हवेत चाबूक ओढल्यासारखा एक कडाका होतो, तो बंदुकीच्या धमाक्यापेक्षा वेगळा. गोळी हळू गेली की तो कडाका जातो. धमाका राहतोच, त्याला सप्रेसर, म्हणजे बॅरलच्या तोंडाला लावायचा सायलेन्सर, लागतो. सप्रेसरवर १९३४ च्या कायद्यापासून २०० डॉलर टॅक्स होता, २०२६ च्या १ जानेवारीपासून तो शून्य झालाय, पण फॉर्म, बोटांचे ठसे, मंजुरी सगळं तसंच आहे. माझ्याकडे अजून नाहीये, रेंजवरच्या एका मित्राकडे आहे, त्याच्याबरोबर गेलो की त्याचा वापरतो. पण सप्रेसर नसला तरी मला सबसॉनिक आवडतं कारण धक्का कमी बसतो, आणि मला कागदावर छिद्रं पाडण्यापलीकडे काही करायचं नाहीये.

माझं काडतूस म्हणजे ३०० ब्लॅकआउट. हे २०११ साली स्टॅंडर्ड म्हणून मंजूर झालं, आणि गरिबाला परवडण्याचं कारण असं की ते मुळात २२३ नावाच्या काडतुसाच्या केसपासून बनतं. २२३ ची, म्हणजे एआर-१५ रायफलमध्ये चालते ती, रिकामी केस घ्यायची, मान कापायची, डाय म्हणजे साच्यात घालून आकार द्यायचा, आणि त्यात ३०८ ची जाड गोळी बसवायची. रायफल मी रुगरची अमेरिकन रॅंच घेतली, बोल्ट ॲक्शन, म्हणजे दर गोळीनंतर मागचा बोल्ट हाताने ओढायची. ही निवड स्वस्त काडतुसांसाठी फार महत्त्वाची ठरली कारण सेमी-ऑटोमध्ये, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप चढतं त्या रायफलमध्ये, गॅसच्या जोरावर बोल्ट मागे जायला हवा, सबसॉनिक राउंडमध्ये तेवढा जोर असेलच असं नाही, मग ही पावडर चालत नाही ती चालते असं सुरू होतं. बोल्टवाल्याला ती कटकटच नाही, हाताने ओढायचं. तिच्या बॅरलचा ट्विस्ट एकास सात आहे, म्हणजे सात इंचात गोळी एक गिरकी घेते, जड आणि हळू गोळीला एवढी जोरात गिरकी लागतेच. एका ओळखीच्या माणसाने जुन्या ३०८ च्या रायफलमधून, जिचा ट्विस्ट एकास बारा आहे, २२० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं बारीक माप) गोळी सबसॉनिक मारून बघितली तर टार्गेटवर गोल छिद्राऐवजी आडवी फट. गोळी कोलांट्या घेत गेली होती. सप्रेसर लावलेला असता तर आतून फाटला असता.

हो, शब्दांचं आधी सांगायला हवं होतं. आपण मराठीत सगळ्यालाच गोळी म्हणतो पण इथे चार वेगळ्या वस्तू आहेत. पितळेची केस, तिला सगळे ब्रास म्हणतात. तिच्या बुडातली टिकली म्हणजे प्रायमर. आत पावडर, म्हणजे दारू, आणि तोंडाशी बसवलेली बुलेट, जिला मी इथे गोळी म्हणतोय. चारही मिळून काडतूस. यातली केस तेवढी पुन्हा पुन्हा वापरता येते, बाकी तिन्ही एकदा उडाले की संपले. म्हणजे पैसे कुठे वाचतात हे इथेच कळलं.

तर ब्रास. कॅन्सस सिटीत राहण्याचा फायदा असा की हा सगळा उद्योग माझ्या घराच्या आजूबाजूलाच आहे, आणि मला दहा वर्षं पत्ताच नव्हता. इंडिपेंडन्स, मिझुरीला लेक सिटीचा कारखाना आहे, १९४१ चा, अमेरिकन आर्मीची काडतुसं तिथे बनतात. त्यांच्या ब्रासच्या बुडावर एलसी आणि वर्षाचे दोन आकडे असतात. रेंजवर ही ब्रास जमिनीवर पडलेली असते (रेंजवाल्यांना विचारून उचला, काही ठिकाणी पडलेली ब्रास त्यांची असते) आणि ३०० ब्लॅकआउटसाठी कापायला ती चांगली कारण कापल्यावर मानेची जाडी नीट बसते. हे लक्षात ठेवा, कारण कापल्यावर जी नवी मान होते ती मुळात केसच्या पोटाचा भाग असते, आणि काही कंपन्यांच्या केसचं पोट जाड असतं, मग बुलेट बसवल्यावर मान फुगते आणि राउंड चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलच्या मागच्या खोबणीत, अडकतो किंवा त्याहून वाईट, बळजबरीने बसतो आणि प्रेशर वाढतं. मी सुरुवातीला मिळेल ती मिसळीची ब्रास कापली. साधारण तिनशे केसेस. त्यातल्या जवळजवळ ऐंशी भंगारात. तीन संध्याकाळी वाया, आणि करवतीच्या आवाजाने शेजारची बाई दोनदा डोकावून गेली.

कापायला हार्डवेअरच्या दुकानात छोटी चॉप सॉ मिळते, त्याला केस धरून ठेवणारा एक जिग लावायचा, मग ट्रिमरने १.३६८ इंचाच्या आत आणायचं, कापल्याने कडेला आलेली खरखरीत धार काढायची. डिजिटल कॅलिपर लागतो, तो स्वस्तातला चालतो. आर्मीच्या ब्रासला अजून एक भानगड म्हणजे प्रायमरच्या खळग्याची कड दाबलेली असते, क्रिंप म्हणतात, ती काढल्याशिवाय नवा प्रायमर जात नाही, जोर लावून घालायला जाऊ नका, प्रायमर हा दाबल्यावर फुटण्यासाठीच बनवलेला असतो.

हे एवढं नको असेल तर तयार ३०० ब्लॅकआउटची ब्रास विकत घ्या. स्टारलाइन सेडेलियाला आहे, इथून दीड तासावर. पहिल्यांदा करताय तर माझं खरं मत असं की शंभर-दोनशे तयार ब्रासच घ्या. मी नाही घेतली, मला वाटलं फुकट मिळतंय तर. फुकट नव्हतं.

ब्रास धुण्याबद्दल मात्र आपल्याला शिकवणी लागत नाही. इथले लोक त्यासाठी पंचवीस डॉलरची बाटली आणतात, त्यात असतं काय तर सायट्रिक ॲसिड. इंडियन स्टोअरमध्ये लिंबूसत्व मिळतं की. गरम पाणी, चमचाभर लिंबूसत्व, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, पंधरा मिनिटं, आणि ब्रास अशी चकाकते की देवाची समई वाटावी. आजी चिंचेने तांब्या-पितळेची भांडी घासायची, त्यातलंच शास्त्र. पण अमोनिया असलेलं पॉलिश अजिबात नको, त्याने काडतुसाची ब्रास ठिसूळ होते, आणि लिंबूसत्वातही रात्रभर ठेवायचं नाही. धुतलेलं पाणी किचनच्या सिंकमध्ये ओतायचं नाही आणि वाळवायला घरचा ओव्हन तर नाहीच, वापरलेल्या ब्रासला प्रायमरचं शिसं लागलेलं असतं. घरात लहान मुलं आहेत, म्हणून बायकोने नियम घातलाय: गॅरेजमधलं काही गॅरेजच्या बाहेर येणार नाही, मी आत आलो की आधी थंड पाण्याने साबण लावून हात, मग बाकी बोलणं. तिचं बरोबर आहे.

बुलेट. सबसॉनिकमध्ये खर्चाचा मोठा वाटा इथे जातो, कारण गोळी जड हवी. वेग वाढवता येत नाही म्हटल्यावर उरतं काय तर वजन, म्हणून १९० ते २२० ग्रेनच्या गोळ्या. सिएराची मॅचकिंग २२० ग्रेन म्हणजे सुंदर वस्तू, सिएरा पण सेडेलियाचीच, पण नवशिक्याने ती घेणं म्हणजे गाडी शिकायला मर्सिडीज. हॉर्नडीची सब-एक्स १९० ग्रेनची, हळू वेगातही पसरेल अशी बनवलेली, ती शिकाऱ्यांसाठी, कागदाला काय फरक पडतो पसरली काय आणि नाही पसरली काय. मग येतात प्लेटेड गोळ्या, शिशाच्या गोळीवर तांब्याचा पातळ मुलामा, बेरीजच्या वगैरे. मी त्याच घेतल्या. तांब्याचं जाड कवच असलेल्या, स्पर्धेसाठीच्या मॅच गोळीच्या जवळजवळ निम्म्या किमतीत मिळाल्या, आणि शंभर यार्डावर माझ्या हाताला त्यापेक्षा जास्त अचूकतेची गरज नाही, खरं सांगायचं तर माझा हातच तेवढा अचूक नाही.

प्लेटेडची एक खोड आहे. केसची मान गोळीवर जास्त दाबली (यालाही क्रिंपच म्हणतात) की तो पातळ मुलामा कापला जातो, आणि बॅरलमधून जाताना सोलून निघतो. माझ्या पहिल्या पन्नास राउंडचं हेच झालं. मला वाटलं घट्ट बसवलेलं बरं, सुरक्षित, आपल्याला सगळं घट्ट बसवायची सवय, कुकरचं झाकण असो की नळ. टार्गेटवर छिद्रं अशी विखुरलेली की जणू मुठीने तांदूळ फेकले. शेजारच्या लेनवर एक म्हातारबाबा असतात, सत्तरीच्या पुढचे, चाळीस वर्षं भरतायत, त्यांनी माझा एक राउंड हातोडीसारखं पुलर असतं त्याने उघडला, गोळी माझ्यासमोर धरली आणि काही बोललेच नाहीत, नुसतं नखाने त्या रिंगणावर टकटक केलं. तेव्हापासून गोळी बसवण्याआधी केसचं तोंड थोडं पसरवतो, गोळी बसल्यावर ते पसरलेपण फक्त सरळ करतो, बास.

त्याहून स्वस्त म्हणजे ओतीव शिशाच्या गोळ्या, स्वतः साच्यात ओतून वर पावडर कोटिंग करायचं, ओव्हनमध्ये भाजायचं (वेगळा ओव्हन! गॅरेजमधला!). सबसॉनिक वेगाला त्या मस्त चालतात, आणि शिसं मऊ असल्याने बॅरलमधून सहज सरकतं. रेंजवरचे ते म्हातारबाबा हेच करतात, त्यांना गोळी काही सेंटमध्ये पडते. पण शिसं वितळवणं मला घरात मुलं असताना करायचं नाहीये. कोटिंग केलेल्या तयार ओतीव गोळ्या विकत मिळतात, ते मधलं उत्तर आहे, पुढच्या वेळी बघीन.

प्रायमरबद्दल जास्त काही नाही, स्मॉल रायफल लागतो, मॅन्युअलमध्ये, म्हणजे भरण्याची मापं दिलेल्या पुस्तकात, ज्याचा उल्लेख आहे तो घ्या, स्मॉल पिस्टल वापरायच्या फंदात पडू नका. किमतीचं सांगायचं तर २०२० च्या आधी हजाराचा डबा तीस-पस्तीस डॉलरला मिळायचा असं बाबा रोज ऐकवतात, मग कोविडमध्ये बाजारातून गायबच झाले आणि जे मिळायचे ते शंभरच्या वर. आता मिळतात, पण जुना भाव काही परत आला नाही. ऑनलाइन मागवले तर वर हॅझमॅटची, म्हणजे धोकादायक मालाची, फी लागते, ती पार्सलमागे असते, म्हणून पाच हजार प्रायमर आणि पावडर एकदम तिघांत मिळून मागवायची, भिशी लावल्यासारखी. हा सल्ला बाकी सगळ्यापेक्षा जास्त पैसे वाचवतो, आणि हे मला दोन पार्सलं वेगवेगळी मागवून झाल्यावर कळलं.

आता पावडर, आणि इथे मला जरा वेळ लागणार आहे.

पावडर बनवणारी हॉजडन कंपनी शॉनीला आहे, माझ्या घरापासून वीस मिनिटांवर. ब्रूस हॉजडन नावाच्या माणसाने दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारने विकायला काढलेली जादा दारू घेऊन धंदा सुरू केला. २०२० मध्ये त्यांनी ॲक्युरेट हा ब्रॅंडही घेतला. ३०० ब्लॅकआउट सबसॉनिकसाठी बहुतेक जण ॲक्युरेट १६८० किंवा हॉजडनची सीएफई बीएलके घेतात, आणि नवशिक्याला मी यातलीच घ्या म्हणेन. कारण असं: सबसॉनिकमध्ये पावडर थोडीच लागते. पिस्तुलाच्या जलद जळणाऱ्या पावडरी अजून कमी लागतात, म्हणजे पाउंडात जास्त राउंड होतात, कागदावर स्वस्त पडतात. पण ती एवढीशी पावडर केसच्या तळाला कुठेतरी असते, चुकून दोनदा पडली तरी वरून बघून कळत नाही. आणि दुप्पट दारू म्हणजे रायफल हातात फुटणं. १६८० सारखी पावडर केसचा बराच भाग भरते, दोनदा पडली तर जवळजवळ तोंडापर्यंत येते, कोणालाही दिसतं. मी तरीही पन्नास केसचा ट्रे टॉर्च मारून ओळीओळीने बघतो आणि मगच बुलेट बसवायला घेतो. राउंडमागे दोन-तीन सेंट जास्त गेले तर जाऊ देत. एका पाउंडात ७००० ग्रेन, त्यातून मला सहाशेच्या आसपास राउंड मिळतात.

किती ग्रेन भरायची हा आकडा मी इथे लिहिणार नाही, मेसेजवर विचारला तरी देणार नाही. पावडर कंपनीच्या साइटवर आणि छापील मॅन्युअलमध्ये त्या त्या बुलेटसाठी दिलेला असतो, तिथून घ्या, सुरुवातीचा आकडा घ्या.

आणि हा सगळ्यात मोठा गैरसमज, जो माझाही होता. आपल्याला वाटतं की कमी दारू म्हणजे कमी धोका, हळू म्हणजे सेफ. मी पण तेच गृहीत धरलं होतं की सुपरसॉनिकचा, म्हणजे आवाजापेक्षा जोरात जाणारा, लोड (पावडरचं माप) घ्यायचा आणि कमी करत करत आणायचा, सोपं आहे. बाबांनी तिथेच थांबवलं. काही पावडरी, एच-११० त्यातली, कमी केल्यावर नीट जळतच नाहीत, कंपनीच सांगते की हिला फार कमी करू नका. आणि कुठलीही पावडर फारच कमी पडली की गोळी बॅरलच्या मध्येच अडकते. ठो ऐवजी फुस्स असा आवाज येतो, किंवा धक्काच जाणवत नाही. तुम्हाला वाटतं राउंड खराब होता, तुम्ही बोल्ट ओढून पुढचा मारता, आणि पुढे बॅरलमध्ये आधीची गोळी बसलेली. सबसॉनिकमध्ये गोळी मुळातच हळू असल्याने तो आवाजातला फरक कळायलाही कान लागतो. म्हणून आवाज जरा वेगळा वाटला की थांबायचं, रायफल रिकामी करायची, बॅरलमधून रॉड घालून बघायचा. रेंजवर लोक हसले तर हसू देत. म्हणजे मॅन्युअलने सबसॉनिक म्हणून जो लोड दिलाय तोच, त्या बुलेटला, त्या पावडरला. आपल्या मनाने स्वयंपाकासारखं अंदाजपंचे नाही.

आणि पावडर तिच्या मूळ डब्यातच ठेवायची. हे मुद्दाम मराठीत लिहितोय कारण आपल्या घरात बोर्नव्हिटाच्या बरणीत हळद असते आणि बिस्किटाच्या डब्यात सुई-दोरा. दोन पावडरी दिसायला सारख्याच असतात, करड्या, बारीक. टेबलावर एका वेळी एकच डबा, काम झालं की हॉपर, म्हणजे पावडर ओतायचं भांडं, रिकामा करून परत त्याच डब्यात.

आता कुठे पैसे वाचवू नयेत ते. वजनकाटा. मी पंचवीस डॉलरचा डिजिटल काटा घेतला, छान निळा लाइट वगैरे. तो गॅरेजमधला पंखा लावला की हलायचा, फोन जवळ ठेवला की हलायचा, आणि अर्ध्या तासाने शून्यावरून आपोआप सरकायचा. तीन दशांश ग्रेन म्हणजे काय मोठंसं असं वाटेल, पण जिथे एकूण पावडरच एवढी थोडी तिथे तीन दशांश म्हणजे दोन-तीन टक्के. आता जुन्या पद्धतीचा दांडीचा काटा आहे, सोनाराकडे असायचा तसा, सेकंडहॅंड मिळाला, त्याला बॅटरी नाही आणि मूड पण नाही. सोबत चेक करायची वजनं घ्याच.

प्रेस, म्हणजे केस डायमध्ये दाबायचं यंत्र, मात्र स्वस्तातला चालतो. ली कंपनीचा सिंगल स्टेज घेतला, शंभर डॉलरच्या आत-बाहेर. एका वेळी एकच काम करतो, हळू आहे, आणि शिकताना हळूच हवा. प्रोग्रेसिव्ह प्रेस, जो एका दांडक्यात सगळी कामं करतो, तो पहिल्या वर्षी नको, एका वेळी पाच गोष्टींकडे लक्ष द्यायची आपली तयारी नसते. डायचा सेट, केसला लावायचं ल्युब, म्हणजे वंगण (विसरलात तर केस डायमध्ये अडकते आणि मग संध्याकाळ संपली), आणि एक छापील मॅन्युअल. मॅन्युअल आधी वाचा, मग बाकी ऑर्डर करा. मी उलटं केलं.

क्रोनोग्राफ म्हणजे गोळीचा वेग मोजायचं यंत्र, त्याशिवाय सबसॉनिक भरणं म्हणजे काटा नसलेल्या गाडीने स्पीड लिमिट पाळणं. इथेही गावचीच कंपनी, ओलाथेच्या गार्मिनने २०२३ मध्ये खिशात मावेल असा रडारवाला काढला, सहाशे डॉलरचा. मी घेतला नाही, मित्राचा उसना आणतो, बदल्यात बायकोच्या हातच्या पुरणपोळ्या जातात. हा व्यवहार सगळ्यात स्वस्त पडलाय, फक्त पोळ्या करणाऱ्याला विचारलं तर उत्तर वेगळं येईल.

त्या क्रोनोग्राफनेच मला एक मजा दाखवली. आवाजाचा वेग ठरलेला नसतो, हवा गार झाली की तो कमी होतो. कॅन्ससच्या उन्हाळ्यात पस्तीस डिग्रीला तो साधारण ११५५ फूट सेकंदाला असतो, आणि जानेवारीत उणे दहाला १०६५ च्या आसपास. मी ऑगस्टमध्ये लोड ठरवला, १०८० ला जात होता, अगदी शांत, खूष झालो, दोनशे भरून ठेवले. जानेवारीत मारले तर त्यातला जवळपास निम्मा कडाड. काही शांत, काही कडाड, काही शांत. थंडीत पावडरही जरा मंदावते म्हणून सगळेच कडाडले नाहीत, नाहीतर सगळे गेले असते. बाबा म्हणाले, हजार ते एक हजार पन्नासच्या मध्ये ठेव, सगळ्या ऋतूंना चालतं. हे आधी सांगितलं असतं तर. म्हणाले, तू विचारलं नाहीस.

हिशोब विचारणाऱ्यांसाठी: दुकानातला सबसॉनिक राउंड मला साधारण डॉलरभराला पडतो, कधी थोडा वर. घरी प्लेटेड गोळी पंचवीस सेंट, प्रायमर आठ, पावडर आठ, ब्रास माझ्या वेळेची किंमत धरली नाही तर फुकट. चाळीस-बेचाळीस सेंट. यंत्रांचा खर्च सुटायला हजारएक राउंड लागतील, आणि मी पूर्वी महिन्याला चाळीस मारायचो, आता शंभर मारतो, म्हणजे महिन्याचा खर्च होता तेवढाच आहे. नुसतं शांत आणि स्वस्त मारायचं असेल तर बावीस एलआर या छोट्या काडतुसाचा सबसॉनिक डबा आणा, तो भरता येत नाही पण भरायची गरजही नाही एवढा स्वस्त आहे. मी तो पण मारतो.

अजून दोन गोष्टी. ३०० ब्लॅकआउटचा राउंड २२३ च्या रायफलमध्ये काही वेळा बसतो, मॅगझिन तर सारखंच असतं, आणि मारला तर रायफल फुटते. लोकांच्या फुटल्या आहेत. दोन्ही असतील तर मॅगझिनला वेगळे रंग, वेगळे डबे, एका दिवशी एकच बाहेर काढायची. माझ्याकडे म्हणूनच २२३ नाही.

दुसरी गोष्ट फक्त आपल्यासाठी. रेंजवर न्यायची बॅग आणि इंडियाला न्यायची बॅग कधीही एक असू नये. बॅगेच्या कोपऱ्यात विसरलेलं एक काडतूस भारतातल्या एअरपोर्टवर सापडलं की आर्म्स ॲक्टखाली केस होते, मी विसरलो होतो साहेब हे तिथे ऐकून घेत नाहीत, आणि रिकामी केस असली तरी चौकशीत फ्लाइट जाते ती जातेच. डिसेंबरमध्ये सांगलीला निघताना बायकोने माझी पाठीवरची बॅग बेडवर उलटी केली. मी म्हणत होतो अगं ही ती बॅग नाहीच. तीन पेन, एक क्रोसिनची स्ट्रिप, मागच्या वर्षीचा बोर्डिंग पास, आणि गडगडत खाली आली एक लिंबूसत्वाने चकचकीत केलेली एलसीची केस. तिने ती उचलून खिडकीत ठेवली. अजून तिथेच आहे.